कोलेस्टेरॉल घटले, म्हणून ग्रंथी थकली?

मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवतात. अत्यवस्थ रुग्णांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल बरेचदा घटते. यावरून 'कच्चा माल आटला, म्हणून ग्रंथी थकली' असा युक्तिवाद केला जातो. तो सोपा आहे. पण आम्हांला अपुरा वाटतो.

एक तर, या ग्रंथी रक्तातून कोलेस्टेरॉल घेतात तसे स्वतःही ते बनवतात आणि साठवतात. दुसरे, आजार जितका गंभीर तितकी ही घट मोठी असते. म्हणजे दोन्ही बिघाडांचे मूळ आजारातच असू शकते. तिसरे, बेल्जियममधील संशोधकांनी २०१३ साली दाखवले, की अशा रुग्णांत कॉर्टिसॉलचा निचरा निम्म्याहून अधिक मंदावतो. टाकीतले पाणी वाढले, तर नळ मोठा सोडला की मोरी तुंबली, हे पाहावेच लागते. नुसत्या पातळीवरून ग्रंथीची क्षमता कळत नाही.

संप्रेरक टोचून रुग्ण वाचतात का, हा प्रश्न वेगळा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत एकीत मृत्यू घटले, दुसरीत नाहीत.

दोन गोष्टी सोबत आढळल्या, म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. वर्गात हे समजावायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.