गुप्तरोग, पडदा आणि सात मिनिटांत मिळालेली चिठ्ठी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा मला दोन फोन आले. एक जुन्या सहकाऱ्याचा. तो म्हणाला, "तत्त्वज्ञानाच्या माणसाने हर्पीसवर काय बोलायचं?" दुसरा माझ्या बहिणीचा. ती म्हणाली, "अरे, या वयात लोक काय म्हणतील!" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तासाभरात देणारच आहे. दुसरा प्रश्न मात्र स्वतःच आजचा विषय आहे. लोक काय म्हणतील, या तीन शब्दांवर एक अख्खा बाजार उभा आहे, आणि आज आपल्याला त्या बाजाराची समीक्षा करायची आहे.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. आपल्याकडे हर्पीस म्हटलं की पुष्कळांना नागीण आठवते. कमरेला विळखा घालणारी, आणि तिचं तोंड नि शेपूट जुळलं की माणूस दगावतो असा समज असलेली. ती वेगळी. कांजिण्यांचा जुना विषाणू पुन्हा जागा झाला की नागीण होते. आपण बोलतोय ते तिच्या चुलत भावंडांबद्दल, हर्पीस सिम्प्लेक्सबद्दल. याचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा ओठावर फोड आणतो. ताप येऊन गेल्यावर ओठाशी जे उठतं, ते हेच. दुसरा बहुधा जननेंद्रियांवर येतो. 'बहुधा' म्हणतोय, कारण पहिला प्रकारही खाली येऊ शकतो.

आणि हा आजार दुर्मिळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये पहिला प्रकार आहे. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश. दुसरा प्रकार १५ ते ४९ वयातल्या सुमारे ५२ कोटी लोकांमध्ये. आता गंमत बघा. ओठावर फोड आला तर माणूस ऑफिसात जातो, चहा पितो, "काल ताप होता हो" म्हणतो. त्याच घराण्यातला विषाणू दोन हात खाली आला की तोच माणूस दार लावून घेतो. त्वचेवरचे फोड सारखेच असतात, फक्त दुसऱ्यांना आपण 'गुप्तरोग' म्हणतो. रोगाच्या नावातच आपण लपवण्याची आज्ञा घालून ठेवली आहे.

ही केवळ आपलीच खोड नाही. १९८२ साली अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने ऑगस्टमध्ये मुखपृष्ठावर हर्पीस छापला आणि त्याला लज्जेचा लाल शिक्का ठरवलं. आणि त्याच वर्षी अमेरिकेत ॲसायक्लोव्हिर या औषधाला पहिली मान्यता मिळाली! कलंक आणि औषध एकाच वर्षी बाजारात आले. ज्या संशोधनातून हे औषध आलं त्यात गर्ट्रूड एलियन यांचा मोठा वाटा होता. त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं.

हे औषध मला विचार म्हणूनही सुंदर वाटतं. ते पेशीत जाऊन नुसतं पडून राहतं. त्याला जागं करतो तो विषाणूचाच एक विकर. म्हणजे चोराच्याच हाताने घंटा वाजते. त्यामुळे निरोगी पेशींना फारसा धक्का न लागता विषाणूची वाढ थांबते. पण दोन मर्यादा आहेत. पहिली, मज्जातंतूंच्या गाठीत झोपलेल्या विषाणूला ते हात लावत नाही, म्हणून आजार कायमचा जात नाही. दुसरी मर्यादा वेळेची. आजार उलटला असेल, तर फोड दिसायच्या आधीची चुणचुण सुरू होताच, किंवा फार तर पहिल्या दिवसात गोळी घेतली तर खरा उपयोग. चार दिवस लाजण्यात गेले की फोड आपोआपच सुकायला लागतात.

आता तुमच्या लक्षात येईल की ऑनलाइन सल्ल्याच्या बाजूचा युक्तिवाद किती भक्कम आहे. औषधाला घाई आहे आणि रोग्याला लाज आहे. तालुक्याच्या गावात डॉक्टर ओळखीचा, कंपाउंडर नात्यातला, औषधाच्या दुकानात वडिलांचा मित्र बसलेला. अशा वेळी मोबाइलच्या पडद्यावर अनोळखी डॉक्टर भेटत असेल, तर त्याला नाक मुरडणारा मी कोण?

आणि दुरून सल्ला घेणं आपल्याला नवीन आहे असंही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. वाचक पत्रांतून लैंगिक प्रश्न विचारत, जे घरच्या डॉक्टरांना विचारायची छाती नव्हती ते. कर्वे छापून उत्तरं देत, स्वच्छ, कोरडी, न लाजता. या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण लोकांना विचारण्याचा हक्क आहे हा मुद्दा उरला. कर्वे गणिताचे प्राध्यापक. ते चिठ्ठी लिहून देत नव्हते, ज्ञान देत होते. हा फरक लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता एक प्रसंग सांगतो. ज्याचा आहे त्याची परवानगी घेतली आहे, आणि ओळख बदलली आहे. माझा एक जुना विद्यार्थी. साखरपुडा झालेला. एका रात्री त्याला फोड दिसले. साडेअकराला त्याने एका कंपनीच्या ॲपवर फॉर्म भरला. प्रश्न अकरा. त्यानंतर थोडी लेखी बातचीत, आणि सातव्या मिनिटाला चिठ्ठी हातात. दुसऱ्या दिवशी पाकीट आलं. वर आतल्या वस्तूचं नाव नाही. "संपूर्ण गोपनीयता"! ट्रेनच्या खिडकीतून दिसणाऱ्या भिंतींवर "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" असं रंगवलेलं असे, तेव्हाही हेच आश्वासन होतं. आता अक्षर सुबक झालंय, एवढंच.

गोळ्यांनी फोड सुकले. मग ॲपने एक रक्ततपासणी सुचवली. तिच्यात 'आयजीएम' पॉझिटिव्ह आलं. हा हादरला. बातचीतीची खिडकी उघडली तर तिथे लिहिलेलं, "हा संवाद संपला आहे." तेव्हा तो माझ्याकडे आला. त्याने मला औषधाचं काहीच विचारलं नाही. म्हणाला, "सर, तिला सांगायचं का? आणि काय सांगायचं?"

इथे समीक्षा सुरू होते. काय चुकलं? गोळी कदाचित बरोबरच होती. मी तर म्हणेन, असेलच. तरीही तीन गोष्टी हुकल्या.

पहिली: कोणी पाहिलं नाही. पहिल्या वेळचे फोड हर्पीसचेच आहेत हे ठरवायचा चांगला मार्ग म्हणजे ताज्या फोडातला नमुना घेऊन पीसीआर तपासणी. कुठला प्रकार तेही त्यात कळतं, आणि प्रकारावर पुढचा अंदाज अवलंबून असतो. खालच्या अंगाला झालेला पहिला प्रकार दुसऱ्यापेक्षा पुष्कळ कमी वेळा उलटतो. मी त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, "आता नमुना कशाचा घेऊ? सगळं सुकलंय." म्हणजे बघा, सात मिनिटांत गोळी मिळाली आणि खात्री मात्र हातची गेली.

दुसरी: त्या जागी चुकीची तपासणी विकली गेली. आयजीएम तपासणी दोन प्रकारांत नीट फरक करत नाही आणि जुना आजार उलटला तरी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची मार्गदर्शिका ती वापरू नका म्हणते. लक्षणं नसलेल्या माणसांची सरसकट रक्ततपासणीही करू नये, असं तिथल्या प्रतिबंधक सेवांच्या कृतिगटाचं म्हणणं आहे, कारण खोटे पॉझिटिव्ह निकाल फार. एका आकड्याने आयुष्य हलतं, आणि तो आकडा काय सांगतो हे सांगायला तिथे माणूस नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याचा खरा प्रश्न कोणी ऐकलाच नाही.

प्लेटोने 'लॉज'च्या चौथ्या पुस्तकात दोन प्रकारचे वैद्य सांगितले आहेत. एक गुलामांना तपासणारा. तो काही विचारत नाही, काही समजावत नाही. अनुभवाला वाटलं ते फर्मावतो आणि घाईघाईने पुढच्या गुलामाकडे जातो. दुसरा स्वतंत्र नागरिकांचा वैद्य. तो रोग्याशी आणि त्याच्या आप्तांशी बोलतो, त्यांच्याकडून शिकतो, आणि रोग्याला पटल्याशिवाय उपचार सुरू करत नाही. वर्गात हे शिकवताना मला नेहमी वाटायचं की फरक श्रीमंत-गरिबाचा आहे. आज वाटतं, तो संवादाचा आहे. माझ्या विद्यार्थ्याने पैसे भरले, त्याला "प्रिय ग्राहक" म्हटलं गेलं, आणि तरीही त्याला गुलामांचाच वैद्य मिळाला.

कोणी म्हणेल, "सर, सरकारी दवाखान्यातल्या रांगेत तरी कुठे संवाद असतो?" बरोबर आहे. मी प्रत्यक्ष भेटीची आरती ओवाळत नाहीये. त्वचा आणि गुप्तरोग विभागाच्या बाहेरचं बाक, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने पुकारलेलं नाव, हा अपमान खराच आहे. मुद्दा पडद्याचा नाहीच. पडद्यापलीकडचा माणूस आपल्या बोलण्याला बांधलेला आहे का, हा मुद्दा आहे.

कायद्याने या प्रश्नाचा विचार केला आहे, बरं का. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीच्या एका प्रकरणात, फोनवरून औषधं सांगितली गेली आणि रोगी दगावली अशा प्रकरणात, डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. निदानाशिवाय औषध देणं हा गंभीर निष्काळजीपणा, असं न्यायालयाचं म्हणणं. फोनवर सल्ला द्यायला डॉक्टर घाबरू लागले. मग २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. ती मी वाचली आहेत. तुम्हीही वाचा, कठीण नाहीत.

त्यातली तीन कलमं आपल्या कामाची. एक, सल्ला निनावी नसावा. डॉक्टरांना रोगी कोण आणि रोग्याला डॉक्टर कोण हे कळलं पाहिजे. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा. दोन, यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, रोग्याला सल्ला द्यायचा नाही आणि औषध लिहायचं नाही. डॉक्टरांना मदत करू शकते, बस. तीन, पहिली भेट आणि पुढची भेट यांत फरक आहे. काही औषधं पहिल्या वेळी व्हिडिओवर पाहूनच द्यायची. त्याच दुखण्यासाठी सहा महिन्यांच्या आत पुन्हा सल्ला घेतला, तर नियम सैल.

पहिलं कलम पुन्हा वाचा. लाजणाऱ्या माणसाला निनावी राहायचं असतं, आणि कायदा म्हणतो, निनावी चालणार नाही. वरवर हे निष्ठुर वाटतं. पण नाव नसलेल्या माणसाशी बांधिलकी कशी ठेवणार? गोपनीयता आणि निनावीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोपनीयता म्हणजे, मला तुझं नाव माहीत आहे आणि मी ते कोणाला सांगणार नाही. निनावीपणा म्हणजे, मला तू कोण याच्याशी देणंघेणंच नाही. बाजार आपल्याला दुसरी गोष्ट पहिलीच्या नावाने विकतो.

तर माझा निर्णय काय? समीक्षकाने शेवटी निर्णय द्यावा, नाहीतर त्याला तासभर ऐकायचं कशाला.

निदान एकदा पक्कं झालं असेल आणि आजार उलटला असेल, तर ऑनलाइन सल्ला हा चांगला, किंबहुना अधिक चांगला मार्ग आहे. अशा रोग्याला डॉक्टरांनी आधीच चिठ्ठी लिहून द्यावी, गोळ्या घरात असाव्यात, चुणचुण लागली की सुरू कराव्यात, असंच मार्गदर्शिका सांगतात. तिथे दर वेळी माणसाला रांगेत उभं करणं हा छळ आहे.

पण पहिल्यांदाच फोड आले असतील, तर कोणीतरी ते ताजे असताना पाहायलाच हवेत. डोळा लाल होऊन दुखत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. बाई गरोदर असेल, विशेषतः दिवस भरत आले असतील, तर प्रसूतितज्ज्ञ, कारण नवजात बाळाला हा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर मात्रा बदलावी लागते. यातलं काही फॉर्मवर खूण करून भागणार नाही. रात्री साडेअकराला घाबरलेला माणूस फॉर्मवर "नाही, नाही, नाही" असंच टिचकवत जातो.

आणि ज्या सेवेत तुम्हाला उलट प्रश्न विचारता येत नाही, ती चिठ्ठी देत असली तरी तिला सल्ला म्हणू नका. कर्व्यांच्या टपालालाही आठवडे लागत असतील, पण तिथे उत्तर प्रश्नाला होतं. इथे उत्तर फॉर्मला आहे.

माझ्या विद्यार्थ्याचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. मी त्याला म्हटलं, "तुला खात्री नाही ना? मग खात्री नाही हेच सांग. जे झालं ते सांग." फोड नसतानाही हा विषाणू पसरू शकतो, हे त्याला माहीत नव्हतं. आणि रोज औषध घेतलं तर दुसऱ्या प्रकाराची लागण जोडीदाराला होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं, असं २००४ साली एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं, हेही माहीत नव्हतं. म्हणजे 'सांगणं' हा नुसता नीतीचा प्रश्न नव्हता. सांगितल्यावरच पुढचा उपचार दोघांनी मिळून ठरवता येणार होता.

त्याने सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने एकच विचारलं, "डॉक्टरांकडे जाताना मी येऊ का?" दोघं त्याच त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. पाऊण तास बसले. चिठ्ठीवर त्या दिवशी एकही गोळी लिहिली नव्हती. लग्न झालं. अक्षता टाकायला मी होतो.

एवढंच सांगायचं होतं. आता प्रश्न विचारा. न लाजता. आणि बहिणीचा फोन आलाच, तर तिला ही ध्वनिफीत पाठवा.