पाट्या नसलेले शहर

२०२५ च्या जानेवारीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नागापूरच्या एमआयडीसीत तो पाळीवर काम करतो. चहा झाला, घरच्यांची विचारपूस झाली, आणि मग त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून माझ्या तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला. "सर, मोजून तीनशे सहासष्ट आहेत," तो म्हणाला. २०२४ हे लीप वर्ष. त्या वर्षाच्या प्रत्येक दिवशी, एकही दिवस न चुकवता, त्याने नगर शहरात किंवा शहराच्या आसपास एक छायाचित्र काढले होते. त्यातल्या साठ चित्रांचे प्रदर्शन भरवावे असे त्याच्या मनात होते, आणि प्रस्तावनेदाखल मी चार शब्द लिहून द्यावेत अशी त्याची इच्छा होती. चार शब्दांत आटपणे मला कधी जमलेले नाही. प्रस्तावना राहिली, आणि तिच्याऐवजी हा लेख झाला. तो त्याच्या संमतीने छापला जात आहे. नाव तेवढे घालू नका, असे त्याने बजावले आहे.

चित्रकलेचे वा छायाचित्रणाचे शास्त्रशुद्ध शिक्षण मी घेतलेले नाही. खरे सांगायचे तर मॅट्रिकनंतर कशाचेच घेतलेले नाही. पण दिवस या वस्तूशी कादंबरीकाराचा रोजचा संबंध येतो. कोणता दिवस सांगायचा आणि कोणता गाळायचा, हाच त्याचा मुख्य धंदा. तेवढ्या अधिकारावर पुढील मते मांडतो.

प्रथम गुण सांगितले पाहिजेत. या मुलाला नजर आहे. शाहडोंगरावरची सलाबतखानाची कबर, जिला आपण सारे नगरकर चांदबीबीचा महाल म्हणतो, ती त्याने श्रावणातल्या धुक्यात अशी धरली आहे की तो अष्टकोनी दगडी मनोरा जमिनीला टेकलेला आहे की नाही याची शंका यावी. फराहबागेच्या कमानीतून दिसणारे कोरडे तळे, किल्ल्याच्या खंदकावरचा पूल, दिवाळीत कापडबाजारात पडलेला दिव्यांचा उजेड, दमडी मशिदीच्या कोरीव दगडावरून सरकणारी उन्हाची तिरीप, सीनेच्या पात्रात पाणी आले त्या दिवशीचा पूल. यांतले कोणतेही चित्र मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभेल. पहिल्या दिवशी मी ती सगळी एका बैठकीत पाहिली आणि त्याला फोन करून मनापासून शाबासकी दिली.

दुसऱ्यांदा पाहताना काहीतरी खटकू लागले, पण काय ते कळेना. तिसऱ्यांदा कळले. तीनशे सहासष्ट चित्रांत कुठे पाटी नव्हती. दुकानाची पाटी नाही, दवाखान्याची नाही, रस्त्याच्या कडेच्या फलकावर दात काढून हसणारा वाढदिवसाचा पुढारी नाही, मैलाचा दगड नाही, एसटीच्या कपाळावरचे गावाचे नाव नाही. माणसांच्या डोक्यावरून जाणाऱ्या तारांचे जाळेही नाही. माळीवाड्यात उभे राहून पाटी टाळून चित्र काढणे ही किती कसबाची गोष्ट आहे, हे नगर पाहिलेल्या वाचकाला सांगायला नको.

मी त्याला विचारले. तो सरळपणे म्हणाला, "सर, पाट्या आणि वायरी फार घाण दिसतात. शक्यतो चौकटीत घेतच नाही. आलीच तर कापून टाकतो."

वर्ष कोणते होते ते वाचकांनी आठवावे. १४९० मध्ये मलिक अहमदने वसवलेले आणि पाच शतकांहून अधिक काळ त्याचे नाव वागवणारे हे शहर २०२४ साली अधिकृतरीत्या अहिल्यानगर झाले. त्या नामांतराविषयी कोणाचे काय मत आहे हा या लेखाचा विषय नाही. घरोघर दोन्ही बाजू आहेत, आणि माझ्या घरात तर दोन्ही एकाच ताटात जेवतात. पण त्या वर्षात शहरात काय घडत होते? पाट्या बदलत होत्या. कुठे नवे नाव रंगवले जात होते, कुठे जुन्यावर कागद चिकटवला जात होता, कुठे नुसते 'नगर' ठेवून मालकाने दोन्हींतून अंग काढून घेतले होते. दुसऱ्या कोणत्याही वर्षी जे चित्र मिळाले नसते ते त्या वर्षी गल्लोगल्ली टांगलेले होते, आणि शहरात रोज कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या माणसाने ते रोज कापून टाकले.

रोज एक चित्र काढण्याचा नेम हा नुसता नेम नसून एक कलाप्रकार आहे असे मी मानतो, आणि म्हणून त्या प्रकाराचे मर्म कशात आहे हे तपासले पाहिजे. या बाबतीत आपल्याला फार दूर जावे लागत नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि त्या रोपाची रोज एक चौकट टिपली. महिन्याहून अधिक काळ हा उद्योग चालला. त्या चौकटी जोडून पडद्यावर दाखवल्या तेव्हा जमिनीतून कोंब वर आला, त्याला पाने फुटली आणि पाहता पाहता त्याचा वेल झाला. 'अंकुराची वाढ' हे त्या चिमुकल्या चित्रपटाचे नाव. तो पाहूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. आपल्या चित्रपटाचा इतिहास आपण हरिश्चंद्रापासून सांगतो. मला मात्र त्या वाटाण्याचे अधिक अप्रूप वाटते. रोप कालच्यासारखेच आहे, पान हललेले नाही, उजेडही बरा नाही, असे पुष्कळ दिवस फाळक्यांना आले असतील. 'आज काही विशेष नाही' म्हणून त्यांनी ते दिवस सोडले असते, तर पडद्यावरचे रोप वाढले नसते, उड्या मारीत गेले असते. ज्या दिवसांत काही घडले नाही त्या दिवसांवरच तो वेल चढलेला आहे.

परदेशातले एक उदाहरण याच्याही पुढे जाणारे आहे. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टन या छायाचित्रकाराने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड चित्र काढले, ते २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, मृत्यू येईपर्यंत. अशी सुमारे ६,७०० चित्रे मागे राहिली. पोलरॉइडचा कॅमेरा त्या काळी चित्र तिथल्या तिथे बाहेर टाकी. निगेटिव्ह नाही, दुरुस्ती नाही, आणि प्रत्येक चित्राला पैसे पडत. लिव्हिंग्स्टनचा दंडक असा की दिवसाला एकच. ते काढल्यावर पाच मिनिटांनी समोर इंद्रधनुष्य उगवले तरी ते त्याचे नव्हे. म्हणून त्या चित्रांत मित्र आहेत, जेवणाची ताटे आहेत, अंधुक आणि फसलेली चित्रे आहेत, आणि शेवटी शेवटी इस्पितळ आहे. त्यातले एखादे सुटे चित्र उचलले तर प्रदर्शनात कोणी त्याच्यापुढे थांबणार नाही. सगळी ओळीने पाहावीत तर एक आयुष्य डोळ्यांदेखत सरते.

आमच्या विद्यार्थ्याची रीत याच्या उलट होती. मोबाइलवर तो दिवसाला वीस-तीस चित्रे काढी आणि रात्री जेवणानंतर त्यातले एक ठेवून बाकीची पुसून टाकी. म्हणजे तीनशे सहासष्टांच्या मागे सात-आठ हजार चित्रे तरी नाहीशी झाली. निवड करणे हा कलावंताचा हक्कच आहे, हे मी कसे नाकारू? पण इथे चित्राखाली तारीख आहे. ती पाहणाऱ्याला दिलेली हमी आहे की हा तो दिवस. रात्रीच्या निवाड्यात जे उरते ते त्या दिवसाचे चित्र नसते. तो त्या दिवसाने लग्नाला जाताना घातलेला पोशाख असतो.

यावर त्याने दिलेले उत्तर मला लागले, आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो म्हणाला, "सर, आठ तास मशिनपुढे उभा असतो. कानात तोच आवाज, नाकात तोच तेलाचा वास. दिवसातून एक गोष्ट तरी चांगली बघायची म्हणून मी हे सुरू केलं. तुम्ही म्हणता तिथंही पुन्हा वायरीच बघ." याला मजपाशी लगेच उत्तर नव्हते. वर्षभर त्या एका चित्रासाठी तो पाळी संपल्यावर पाथर्डी रस्त्याने डोंगराच्या पायथ्याशी गेला, पहाटे भिंगारला गेला, आजारी आईजवळ बहिणीला बसवून गेला. ज्याला सौंदर्याची भूक आहे त्याच्या ताटात सत्य वाढून 'हे पौष्टिक आहे' म्हणणे ही मास्तरी खोड आहे आणि ती मला आहे. शिवाय हा दोष पहिला त्याचा नव्हे. माझ्या पहिल्या कादंबरीत नगरच्या पावसाची सात वर्णने आहेत. नगरला पाऊस पडतो किती हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हसून घ्यावे. पाण्याच्या टँकरचे वर्णन मात्र एकही नाही.

तरीही माझे मत बदललेले नाही, आणि त्याला कारण त्याच्याच चित्रांत वारंवार येणारा किल्ला आहे. त्याने तो एकोणीस वेळा बाहेरून टिपला आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये याच किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणीचे नेते आणून ठेवले गेले आणि १९४५ पर्यंत ते तिथे होते. नेहरूंनी इथे ग्रंथ लिहिला हे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. मौलाना आझादांनी इथे जी पत्रे लिहिली आणि जी १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली, त्यांची आठवण आपल्याकडे क्वचितच निघते. त्यात चिमण्यांची एक हकीकत आहे. मौलानांच्या खोलीत चिमण्या घरटी बांधू लागल्या, कचरा पडू लागला. त्यांनी आधी त्या पाखरांना हुसकून लावण्याची पुष्कळ खटपट केली, ते हरले, मग त्यांना दाणे घालू लागले, आणि हळूहळू एकेका चिमणीचा स्वभाव त्यांना वेगळा दिसू लागला. विषय निवडण्याची मुभा नसलेल्या माणसाने जे चौकटीबाहेर घालवायचे होते तेच अखेरीस लिहिले. त्यांना फिरायला शहर मोकळे असते, तर त्या चिमण्यांकडे त्यांनी दुसऱ्यांदा पाहिले असते का, याची मला शंका आहे.

मजुरांच्या चौकाचाही उल्लेख केला पाहिजे. सकाळी कामाच्या आशेने माणसे उभी राहतात तिथली सहा चित्रे संग्रहात आहेत, सहाही पाठमोरी, समोरून ऊन घेतलेली. सुंदर आहेत. समोरून का नाही, असे मी विचारले. पहिल्या वेळी एका म्हाताऱ्याने त्याला म्हटले होते, "फोटो काढतोस बाबा, पण कधी आणून दिलास का?" त्यानंतर तो पाठीमागून काढू लागला. मी म्हणालो, छापून नेऊन दिला असतास तर सातवे चित्र समोरून मिळाले असते. तो काही बोलला नाही.

आता ज्या एका चित्रासाठी मी हा संग्रह पुन्हा पुन्हा उघडतो त्याविषयी. तारीख ११ नोव्हेंबर. त्या दिवशी त्याला ताप होता, बाहेर पडणे शक्य नव्हते, आणि नेम तर मोडायचा नव्हता. संध्याकाळी त्याने पलंगावर पडल्या पडल्या खिडकीकडे मोबाइल धरला आणि बटण दाबले. निवडायला दुसरे चित्रच नव्हते. खिडकीचे गज, गजांत अडकवलेला दिवाळीचा आकाशकंदील, तो उतरवायचा राहिलेला, चौकटीत औषधाची बाटली, आणि गजांपलीकडे समोरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाची पत्र्याची पाटी. पाटीवरचा जुना गावाचा शब्द पांढऱ्या रंगाने अर्धा पुसला आहे. 'अहमद' गेले आहे, 'नगर' आहे, आणि पुसलेल्या जागी अजून काहीच लिहिलेले नाही. शिडी भिंतीला टेकलेली आहे. रंगारी बहुधा चहाला गेला असावा.

प्रदर्शनासाठी निवडलेल्या साठांत हे चित्र नव्हते. "ते हललंय सर," तो म्हणाला. खरेच, ते थोडे हललेले आहे.

प्रदर्शन अजून भरलेले नाही. गेल्या पाडव्यापासून त्याने पुन्हा रोजचे चित्र सुरू केले आहे, या वेळी दिवसाला एकच, पुसापुशी नाही. जागाही एकच घेतली आहे: कंपनीच्या फाटकासमोरची चहाची टपरी, पाळी सुटण्याची वेळ. मधूनमधून तो मला पाठवतो. पुष्कळशी कंटाळवाणी आहेत, आणि मी त्याला तसे कळवतो. परवाच्या चित्रात टपरीवाल्याने चहाचा दर खोडून नवा लिहिला आहे.