पक्षपाताची फिर्याद : यूडोरा वेल्टी यांची एक कथा

यूडोरा वेल्टी यांच्या ‘व्हाय आय लिव्ह ॲट द पी. ओ.’ (१९४१) या कथेला केवळ विनोदी मानणे अपुरे वाटते. मिसिसिपीतील चायना ग्रोव्ह येथे धाकटी स्टेला-राँडो पतीला सोडून, दोन वर्षांच्या मुलीसह माहेरी परतते. तिने केलेल्या चहाड्या आजोबा आणि मामा खऱ्या मानतात. थोरलीचा खुलासा कोणी ऐकत नाही. अर्थात ही हकीकत थोरलीच सांगते, आईचे बोलणेही तिच्याच कथनातून गाळून येते. धाकटी बरोबर बारा महिन्यांनी लहान म्हणूनच लाडावली, हे निदानही तिचेच. तरीही अन्याय झालाच नाही, असे म्हणवत नाही. कथाभर तिला स्वतःचे नाव नाही. ती केवळ ‘सिस्टर’. पंखा, रेडिओ उचलून ती टपाल कचेरीत राहायला जाते; पण ती नोकरी आजोबांच्या वशिल्याची, आणि गावातली मुख्य माणसे, म्हणजेच टपालाची गिऱ्हाइके, तिच्याच घरची. बंड घराबाहेर पडते, घराच्या छायेबाहेर नाही. घराची बधिरताही ती सोबत नेते. पाच दिवसांनंतर आपण सुखी असल्याचे सांगतानाच, स्टेला-राँडो खुलासा करायला आलीच तर आपण कानांत बोटे घालू, असे ती बजावते.