‘कप फुटला’चे व्याकरण : गॅलॅक्सी नोट ७ आणि परत मागवण्याची भाषा

घरात कप फुटला की लहान मूल ‘मी कप फोडला’ असे सहसा म्हणत नाही. ते म्हणते, ‘कप फुटला.’ मराठीने ही सोय फार पूर्वीपासून करून ठेवली आहे. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पेटणे-पेटवणे अशा जोड्यांतले पहिले क्रियापद घेतले की करणाऱ्याला वाक्यात यावेच लागत नाही. आई मात्र दुसरे क्रियापद उचलते आणि विचारते, ‘कोणी फोडला?’ प्रस्तुत लेखात ज्या मजकुराची चर्चा करायची आहे, तो पहिल्या क्रियापदात लिहिलेला असतो. त्याला आईचा प्रश्न विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा मजकूर म्हणजे सदोष वस्तू परत मागवताना कंपन्या काढतात ती निवेदने. साहित्याला वाहिलेल्या अंकात त्यांचे काय काम, असे कोणी विचारील. पण गद्याची समीक्षा करायची तर जे गद्य लाखो लोक वाचतात आणि ज्याच्या भरवशावर उशाशी फोन ठेवून झोपतात, ते वगळून कसे चालेल? शिवाय या गद्याला स्वतःची शैली आहे, ठरावीक शब्दकळा आहे आणि काय सांगायचे नाही याचे संकेतही आहेत.

आपल्याकडच्या पुष्कळ वाचकांची या गद्याशी पहिली भेट ऑगस्ट २००७ मध्ये झाली असेल. नोकियाने त्या महिन्याच्या १४ तारखेला बीएल-५सी या बॅटरीविषयी जाहीर केले, की मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांमध्ये दोष संभवतो. जगभरातून सुमारे १०० तक्रारी आल्या होत्या. त्या दिवसांत घरोघरी फोनचे मागचे झाकण काढून, चष्मा लावून, बॅटरीवरचा २६ अक्षरी क्रमांक वाचण्याचा कार्यक्रम झाला. बॅटरी बदलून मिळणार होती. तरीही त्या निवेदनाने स्वतःला नाव घेतले होते ‘उत्पादनविषयक सूचना’. चार्जिंग चालू असताना शॉर्टसर्किट होऊन बॅटरी तापू शकते आणि आपल्या जागेवरून सुटू शकते, असे त्यात म्हटले होते. ‘जागेवरून सुटणे’ हा शब्दप्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. दात सुटतो, खिळा सुटतो, तशी बॅटरी सुटते!

बॅटरीच्या आत काय घडते हे थोडक्यात पाहिले, तर शब्द आणि वस्तुस्थिती यांच्यातले अंतर कळते. लिथियम-आयन बॅटरीत दोन ध्रुव असतात. ऋण बाजूला ग्राफाइटचा थर, धन बाजूला लिथियमयुक्त धातूच्या ऑक्साइडचा. दोघांमध्ये केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा असतो आणि सगळे ज्वालाग्राही द्रवात भिजलेले असते. पडदा शाबूत आहे तोवर सारे ठीक. तो फाटला आणि दोन ध्रुव भिडले, की उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, क्रियेने आणखी उष्णता. ही साखळी एकदा सुरू झाली की फोन बंद करून ती थांबत नाही. त्यात आणखी एक गोष्ट : चार्ज होताना बॅटरी किंचित फुगते, वापराच्या वर्षांत आणखी फुगते. म्हणून तिच्याभोवती थोडी मोकळी जागा ठेवावी लागते. जास्त वेळ चालणारा आणि तरीही सडपातळ फोन हवा असेल, तर पहिला डोळा या रिकाम्या जागेवर जातो.

आता मुख्य प्रकरणाकडे येऊ. सॅमसंगने गॅलॅक्सी नोट ७ चे अनावरण २ ऑगस्ट २०१६ रोजी केले आणि १९ ऑगस्टला विक्री सुरू झाली. आधीच्या नोट ५ ची बॅटरी ३,००० मिलिअँपिअर-तासांची होती, हिची ३,५०० ची. दोनच आठवड्यांत, २ सप्टेंबरला, कंपनीला विक्री थांबवावी लागली. तोवर सुमारे २५ लाख फोन बाहेर पडले होते.

त्या दिवशीचे इंग्रजी निवेदन जेमतेम एका परिच्छेदाचे आहे. ते सावकाश वाचण्याजोगे आहे. आरंभी कंपनी सांगते, की आम्ही सखोल चौकशी केली आणि बॅटरीच्या सेलमध्ये समस्या आढळली. पुढच्याच वाक्यात ती सांगते, की सदोष बॅटऱ्या शोधण्यासाठी पुरवठादारांबरोबर सखोल तपासणी चालू आहे. म्हणजे चौकशी संपलीही आहे आणि चालूही आहे. जगभरात १ सप्टेंबरपर्यंत ३५ प्रकार घडल्याचे त्यात नमूद आहे. पण ‘प्रकार’ म्हणजे आग, धूर की भाजणे, याचा उल्लेख नाही. आम्ही स्वेच्छेने फोन बदलून देऊ, असे म्हटले आहे. ग्राहकाला होणाऱ्या त्रासाबद्दल जो शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ फक्त ‘गैरसोय’. ‘परत मागवत आहोत’ हे शब्द नाहीत. आणि सर्वांत ठळक उणीव म्हणजे ‘फोन आत्ता बंद करा’ हे वाक्य नाही. जे वाक्य वाचून कुणाचा तरी हात वाचला असता, त्याला जागा मिळाली नाही. ‘सखोल’ला मात्र दोनदा मिळाली.

याच्या शेजारी अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचे १५ सप्टेंबरचे पत्रक ठेवून पाहावे. ते रुक्ष आहे, पण त्यात क्रियापदे आहेत. वापर थांबवा, फोन बंद करा. आकडे सोललेले आहेत : एकट्या अमेरिकेत बॅटरी तापल्याचे ९२ अहवाल, त्यांपैकी २६ भाजल्याचे, ५५ मालमत्तेच्या नुकसानीचे. सरकारी भाषेची आपण नेहमी थट्टा करतो. येथे मात्र तीच वाचकाच्या बाजूने उभी राहिली, कारण तिला काही विकायचे नव्हते.

पुढचा भाग शोकांतिकेच्या वळणाचा आहे. बदलून दिलेल्या फोनमध्ये दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी होती. हा फोन सुरक्षित आहे हे कळावे म्हणून पडद्याच्या वरच्या पट्टीतले बॅटरीचे चिन्ह हिरवे केले होते. ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुइव्हिल येथे उड्डाणापूर्वी साउथवेस्टच्या एका विमानात असाच बदलून घेतलेला फोन धुमसला आणि प्रवाशांना खाली उतरवावे लागले. आठवड्याभरात कंपनीने उत्पादन कायमचे थांबवले. हिरव्या चिन्हावर ज्यांनी विश्वास ठेवला, ते कंपनीचे सर्वांत आज्ञाधारक ग्राहक होते. सूचना वाचून, रांगेत उभे राहून, फोन बदलून घेणारे. अर्धवट सत्य सांगणाऱ्या मजकुराची किंमत नेमकी त्यालाच मोजावी लागते, जो तो मजकूर मनापासून वाचतो.

२३ जानेवारी २०१७ रोजी सोलमध्ये कंपनीने कारणमीमांसा मांडली. सुमारे ७०० संशोधक, दोन लाख फोन, तीस हजार बॅटऱ्या आणि सोबत बाहेरच्या तीन संस्था : यूएल, एक्स्पोनंट आणि ट्यूफ ऱ्हाइनलँड. निष्कर्ष असा, की ‘अ’ बॅटरीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ऋण ध्रुवाची पट्टी दुमडली जात होती. ‘ब’ बॅटरीत जोडकामाच्या जागी राहिलेली धातूची टोके पडदा भेदत होती, शिवाय काहींमध्ये इन्सुलेशनची पट्टीच नव्हती. फोनची रचना आणि सॉफ्टवेअर निर्दोष ठरले.

या निवेदनाला त्याचे श्रेय दिले पाहिजे. इतकी तपशीलवार कबुली या व्यवसायात दुर्मीळ आहे. बॅटरीची उद्दिष्टे आम्हीच ठरवून दिली आणि विक्रीपूर्वी दोष ओळखण्यात आम्ही कमी पडलो, त्याची जबाबदारी आमची, हेही कंपनीने म्हटले. पण समीक्षकाने कथानकाची बांधणी पाहायची असते. या कथेत ‘अ’ आणि ‘ब’ या पात्रांना नावे नाहीत. वृत्तपत्रांनी ती तेव्हाच छापली होती : ‘अ’ म्हणजे सॅमसंग समूहातलीच एसडीआय, ‘ब’ म्हणजे एटीएल. दोन स्वतंत्र कारखाने, दोन स्वतंत्र चुका, आणि दोन्ही एकाच फोनमध्ये, दोन महिन्यांच्या आत. कथेत असा योगायोग आला तर आपण लेखकाला विचारतो, की या दोन्ही घटनांमागे एखादे समान सूत्र आहे का? निवेदन त्या प्रश्नाच्या उंबऱ्यापर्यंत येते. उद्दिष्टे आम्ही दिली, असे म्हणते. मात्र ती उद्दिष्टे काय होती, ती आखताना किती मोकळी जागा सोडायचे ठरले आणि कोणी हरकत घेतली होती का, हे सांगत नाही. इन्स्ट्रुमेंटल या अमेरिकी कंपनीच्या अभियंत्यांनी डिसेंबर २०१६ मध्ये फोन उघडून पाहिला, तेव्हा त्यांनी बोट ठेवले होते ते याच जागेवर : बॅटरीला फुगायला वर जागाच शिल्लक नव्हती. त्यांचे म्हणणे पूर्ण बरोबर होते की नाही, हा अभियांत्रिकीचा वाद आहे. पण निदान तो वाद ‘कोणी फोडला’ या क्रियापदात चाललेला होता.

याचा आपल्याशी संबंध काय? नोट ७ भारतात जाहीर झाला, किंमतही ठरली, ५९,९०० रुपये. पण विक्री सुरू होण्याआधीच प्रकरण फुटले आणि तो इथे विकला गेला नाही. तरी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०१६ रोजी विमानात तो सुरू करण्यास आणि चार्ज करण्यास मनाई केली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या २० व्या कलमाने आता केंद्रीय प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकारही आहे. कायदा झाला, पण सूचनेची भाषा अजून घडायची आहे. आपल्याकडे फोन एका हातात संपत नाही. मुलाचा फोन वडिलांकडे जातो, त्यांचा गावाकडच्या काकूंकडे, मध्ये कोपऱ्यावरच्या दुकानात बॅटरी बदलली जाते. परत मागवण्याची सूचना पहिल्या खरेदीदाराच्या ईमेलवर, इंग्रजीत येते. काकूंपर्यंत ती येत नाही. उद्या त्यांच्या हातात फोन पेटला, तर बातमीतले क्रियापद ठरलेले असते : ‘मोबाइलचा स्फोट झाला.’ आणि पुढे जोडलेले असते, ‘चार्जिंगला लावून बोलत असताना.’ कंपनी कर्ता म्हणून वाक्यात येत नाही. वापरणारी बाई मात्र येते. आपल्या वृत्तपत्रांनी हे व्याकरण कधी उचलले, हे त्यांचे त्यांनाही कळले नसेल.

परत मागवण्याच्या सूचनेकडून फार अपेक्षा नाहीत. तिने आधी आज्ञार्थी सांगावे : फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका. मग काय घडले ते नाव घेऊन सांगावे : आग, भाजणे, धूर. मग प्रथमपुरुषी : अमुक आम्ही ठरवले, अमुक तारखेला आम्हाला कळले. शेवटी, हा फोन दुसऱ्याला दिला असेल तर त्यालाही सांगा. चार वाक्ये, साध्या मराठीत.

नोट ७ च्या कथेला एक उपसंहार आहे. परत आलेल्या आणि न विकलेल्या फोनांपासून तयार केलेली ‘फॅन एडिशन’ जुलै २०१७ मध्ये कोरियात विक्रीला आली. चौकट तीच, बॅटरी नवी. तिची क्षमता होती ३,२०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे मूळच्यापेक्षा ३०० ने कमी. त्यावर स्पष्टीकरणाचे लांबलचक निवेदन नव्हते. मला मात्र या साऱ्या पत्रव्यवहारातला सर्वांत प्रांजळ मजकूर तो आकडा वाटतो. कप कोणी फोडला, याचे उत्तर त्या मुलाने अखेरपर्यंत दिले नाही; पण दुसऱ्या दिवशी कप उचलताना त्याने तो दोन्ही हातांनी धरला.