प्लेगचा विरोध आणि विरोधाचे वाङ्मय

१८९७ सालच्या प्लेगविषयी मराठी माणूस बोलू लागला की तिसऱ्या वाक्याला रँड येतो आणि चौथ्याला चापेकर. सोजिरांचे बूट, बाटलेले देवघर, बायकांची तपासणी, गणेशखिंडीचा रस्ता, ज्युबिलीची रात्र आणि पिस्तुलाचा बार, हा क्रम इतका पक्का झाला आहे की त्यात दुसरे कोणी शिरू शकेल असे कुणाला वाटत नाही. मीही शाळेत हाच धडा घोकला. पुढे नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' (१९७९) पाहिला तेव्हा मनाची पकड घेणारे काही पाहिल्याचे समाधान झाले. चित्रपटाविषयी माझी तक्रार नाही. तो चापेकर बंधूंचा आहे आणि त्यांच्याच घरात उभा राहून तो बोलणार. माझी तक्रार आहे ती त्याच्या आधी ऐंशी वर्षे तयार असलेल्या चौकटीविषयी. सरकारी दवाखान्याला आणि सरकारी तपासणीला 'जनतेने' केलेला विरोध म्हणजे पुण्याच्या वाड्यांनी केलेला विरोध, अशी ही चौकट आहे. या जनतेत आम्ही कुठे होतो?

माझ्या आजीच्या आईने प्लेग पाहिला होता. आजी तिच्या तोंडचे सांगायची: "गाठीचा ताप आला आन् सारं गाव माळावर ऱ्हायला आलं. माळ म्हंजी आपल्या वाड्याच्या अंगालाच. मंग आपल्याला म्हनले, तुमी आनखी फुडं सरका." साथीत गाव सोडून माळावर झोपड्या घालणे ही त्या काळी सर्वत्रच झालेली गोष्ट. पांढरपेशा आठवणींत ती हालअपेष्टा म्हणून येते. गावाबाहेर राहणे ही ज्यांची जन्माची रीत, त्यांना त्यात नवल कसले? नवल एवढेच की गावाबाहेरही पुन्हा एक गावाबाहेर निघाले.

रँडची वकिली मला करायची नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. १३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात पुण्यात घरोघर झडत्या झाल्या, त्यासाठी ८९३ गोरे-काळे लष्करी लोक नेमले होते. संशयिताला ओढून नेणे, सामान जाळणे, बायकांची उघड्यावर तपासणी करणे हे आरोप केवळ सनातन्यांनी केलेले नव्हते. पुण्याच्या प्लेग-इस्पितळात स्त्रियांची कशी हेळसांड होते याविषयी पंडिता रमाबाईंनी त्या वर्षीच्या मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहिले होते, आणि सनातन्यांना रमाबाई म्हणजे प्लेगहून वाईट. टिळक तर रोग्याला वेगळे ठेवण्याच्या विरुद्ध नव्हतेच. पद्धतीवर त्यांचा राग होता आणि ते शहर सोडून पळाले नाहीत. तेव्हा जुलूम झाला, हे खरे.

परंतु या एका आक्रोशात दोन आवाज मिसळलेले आहेत आणि आमच्या वाङ्मयेतिहासाने ते कधी निवडून वेगळे केले नाहीत. एक आवाज माणसाच्या अब्रूचा आहे. बाईला रस्त्यावर उभी करून तिची काख-जांघ पाहू नका, असे तो म्हणतो. दुसरा आवाज विटाळाचा आहे. परक्याने शिवू नये, चुलीपाशी येऊ नये, सर्वांच्या खाटा एका छपराखाली टाकू नयेत, असे त्याचे म्हणणे. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त या दृष्टीने वाचावे. त्यात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकीकत आहे तशीच सुधारकांना मारल्याचीही आहे, आणि दोहोंचा अभिमान सारखाच आहे. त्या माणसाच्या धैर्याविषयी शंका नाही. तो फासावर गेला. पण सरकारी डॉक्टरच्या स्पर्शाने ज्याचे घर बाटते, त्याचे घर माझ्या पणजीच्या सावलीनेही बाटत होते. पहिला विटाळ 'स्वातंत्र्याची ठिणगी' ठरला आणि दुसऱ्याची आठवण काढली की आम्ही फुटीर ठरतो.

आता पुण्याच्या आधीची मुंबई पाहा. साथ आधी तिथे आली, १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवी भागात. रोग्याला सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम म्युनिसिपालिटीने ऑक्टोबरात काढला. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. रँडच्या खुनाला अजून आठ महिने होते. या हजारांचे देवघर बाटले नव्हते. त्यांनी एवढेच पाहिले होते की इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नाही. तिथे रोग्याला उलटे टांगून डोक्यातून मोमियाई काढतात, अशी अफवा गावभर होती. सुशिक्षितांनी या अफवेची टिंगल केली. मला ती टिंगल करण्याजोगी वाटत नाही. ज्याच्या अंगातले सत्त्व रोज गिरणीत गळून जाते, त्याला मेल्यावरही आपले तेल काढतील असे वाटले, यात अज्ञानापेक्षा अनुभव अधिक आहे. अफवा हा निरक्षरांचा अग्रलेख असतो. 'केसरी'चे अग्रलेख ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. हे अग्रलेख मात्र सरकारी अहवालात मूर्खपणाचा नमुना म्हणून टाचलेले सापडतात.

यानंतर मुंबईच्या अधिकाऱ्यांनी आपला हुकूम सैल केला. भीती कशाची होती? केवळ दंग्याची नव्हे. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना खरी धास्ती होती ती हलालखोर आणि बिगारी शहर सोडून जातील याची. लोक हजारोंनी मुंबईबाहेर पळत होते. त्यांच्यामागोमाग मैला उचलणारेही निघाले, तर शहर राहण्याजोगे उरणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते. माझ्या मते प्लेगच्या साऱ्या प्रकरणात हा प्रसंग सर्वांत मोलाचा आहे. पिस्तूल नाही, सभा नाही, वर्तमानपत्र नाही. फक्त निघून जाण्याची शक्यता, आणि तिच्यापुढे साम्राज्याचा नगरपाल नमतो. २०२० साली १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा लागू झाला, सज्जांतून थाळ्या वाजल्या, आणि झाडूवाल्यांच्या गळ्यात हार पडले. हार घालणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक असता तर हाराऐवजी पगाराची गोष्ट निघाली असती.

विरोधाने शेवटी मिळवले काय, तेही तपासले पाहिजे. सरकार पुढे मऊ झाले. मुंबईत जातीजमातींना आपापली निराळी प्लेग-इस्पितळे उघडू दिली गेली. पुण्यात टिळकांच्या खटपटीने हिंदूंचे इस्पितळ निघाले. म्हणजे सरकारी दवाखान्याविरुद्ध मिळालेल्या विजयाचा आकार जातीचा होता. गावगाड्याची रचना खाटांवर उतरली. ज्याच्या जातीपाशी इस्पितळ बांधण्याइतका पैसा नाही त्याने मरायचे कुठे, हा प्रश्न मला त्या काळच्या पांढरपेशा लेखनात ऐरणीवर आलेला दिसत नाही.

तो ज्यांना पडला त्यांची नावे आमच्याकडे आहेत. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ ला मुंबईत प्लेगने गेले. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर यशवंत फुल्यांनी दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. पोर वाचले असे सांगतात. सावित्रीबाई १० मार्चला गेल्या. तारीख लक्षात घ्या. सोजीर पुण्याच्या घरांत शिरायला अजून तीन दिवस होते. यशवंतरावही पुढे १९०५ मध्ये प्लेगनेच गेले.

या घटनेवर आपण भाषणे पुष्कळ करतो. पण 'सेवा', 'त्याग', 'माउली' अशा ओल्या शब्दांत तिला गुंडाळून टाकतो. हा दोष प्रस्थापितांचा नाही, आपला आहे. सहासष्ट वर्षांची बाई महारवाड्यात शिरते, ज्याला शिवायचे नाही तेच पोर पाठीवर घेते, आणि जातीची पाटी नसलेल्या दवाखान्यात नेते. यात विरोध नाही काय? सक्तीलाही आणि सोवळ्यालाही? पण ज्याला आपण विरोधाचे वाङ्मय म्हणतो त्यात तिला जागा नाही, कारण तिच्या हातात शस्त्र नव्हते.

आमच्या आत्मकथनांनी भूक सांगितली, पाणवठा सांगितला, शाळेची पायरी सांगितली. मरीआईचा गाडा सांगितला. दवाखाना मात्र त्यात येता-जाता येतो आणि पुढे सरकतो. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या हलालखोरांच्या वस्तीत रात्री बसून लोकांनी जायचे की राहायचे याचा विचार केला असेल. कोण काय बोलले असेल, कुणी पोराबाळांचे गाठोडे बांधून पुन्हा सोडले असेल, ते अजून माझ्या वाचनात आलेले नाही.