चोरलेले भय

हिमायतनगरातील आमच्या गल्लीत मध्यंतरी काही विद्यार्थ्यांनी एका रहस्यपटातील प्रसंग चित्रित केला. रात्रीची वेळ, बंद दुकानांची रांग आणि पाठलाग चुकवीत धावणारा तरुण, एवढाच प्रसंग. शेजारधर्माने आम्हांस कॅमेऱ्यामागे उभे राहावयास मिळाले. शेवटचा तुकडा आधी घेतला जाई, पहिला मागाहून. पिशवी कोणत्या हातात होती, हे एक मुलगी वहीत टिपून ठेवी. वकिलास यात नवल वाटले नाही. साक्षीदार तरी क्रमाने कोठे येतात?

तिसऱ्या खेपेस कोपऱ्यावरचा वृद्ध पहारेकरी, ज्यास कोणी काहीच सांगितले नव्हते, खोटे पिस्तूल खरे समजून ओरडत पळाला आणि पडला. त्याचा गुडघा फुटला. कॅमेरा मात्र थांबला नाही. मागाहून मुलांनी त्याची क्षमा मागितली, मलमपट्टीही केली; पण तो तुकडा चित्रपटात राहिला, आणि पुढे खेळ झाला तेव्हा टाळ्या पडल्या त्या त्यालाच. आमचा आक्षेप आहे तो येथेच.

भय हा भयानक रसाचा स्थायीभाव खरा. परंतु लौकिक भय म्हणजे रस नव्हे. या रसाच्या विवेचनात अभिनवगुप्ताने 'शाकुंतला'तील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. ते भय ना कवीचे, ना प्रेक्षकाचे. म्हणूनच ते आस्वाद्य होते. दशावतारातील संकासुर देवळाच्या प्रांगणात मुलांना भिववितो, पण मूल आईच्या मांडीवर असते. पहारेकऱ्याला अशी मांडी कोणती होती?

विद्यार्थ्यांनी रहस्यपट करू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात 1960 साली स्थापन झालेल्या चित्रपटसंस्थेत शिकत असतानाच विधु विनोद चोप्रा यांनी 'मर्डर अ‍ॅट मंकी हिल' हा लघुपट केला, आणि त्यास राष्ट्रीय पारितोषिकही लाभले. पुढे 1985 च्या 'खामोश'मध्ये त्यांनी पहलगाम येथे चित्रीकरणास आलेल्या मंडळींतच खून घडविला; शबाना आझमी आणि अमोल पालेकर तेथे स्वतःच्याच नावाने वावरतात. खेळ आणि सत्य यांची सीमा तेथेही पुसली जाते. तथापि फसतो तो फक्त प्रेक्षक, आणि तो तर फसावयासाठीच तिकीट काढून आलेला असतो.

आमच्या गल्लीतील मुलांपाशी गुण नाही असे नव्हे. आरंभी पडदा जवळजवळ काळा असतो, केवळ पावले ऐकू येतात, आणि ती अकस्मात थांबतात. त्या शांततेत जे भय आहे, ते त्यांनी स्वतः कमावलेले आहे. म्हाताऱ्याचे भय त्यांनी चोरले. तो तुकडा काढून टाकावा, असे आम्ही त्यांस सांगितले आहे, निर्णय त्यांचा.

मात्र उलटतपासणीत एक गोष्ट आम्हांसही कबूल करावी लागेल. त्या रात्री आम्हीही कॅमेऱ्यामागेच होतो, आणि 'थांबा' हा शब्द आमच्याही तोंडून निघाला नाही.