कळ आणि कळणं

आज आपण एका पुस्तकाची चिकित्सा करू. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी 1933 साली 'नॅचरल चाइल्डबर्थ' लिहिलं. त्यांचं सूत्र सोपं आहे: भीतीने अंग ताठतं आणि ताठलेल्या अंगात कळा जास्त दुखतात. म्हणून गर्भवतीला आधीच सगळं समजावून सांगा, अंग सैल सोडायला शिकवा.

इथवर आम्हाला पटतं. सातारा घ्या की सांगली, पहिलटकरीण माहेरी येते ती बहुधा 'सगळ्यांनीच सोसलं, तूही सोसशील' एवढ्या शिदोरीवर. कळा थांबून थांबून येतात, मधे विसावा घेता येतो, एवढं जरी तिला कळलं तरी भीती उतरते.

आमची हरकत पुढे आहे. वेदनेचं मूळ भीतीतच आहे असं मानलं, की ओरडणारी बाई 'नीट शिकली नाही' ठरते. म्हणजे दुखण्याचा दोष दुखणाऱ्याच्याच माथी! गर्भाशयाचं आकुंचन, त्याच्या तोंडावरचा ताण ही कारणं नुसत्या समजुतीने जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत श्वासाची, शिथिलतेची तंत्रं आहेत. आणि वेदनाशमन मागणाऱ्या निरोगी स्त्रीसाठी एपिड्यूरलही आहे. तालुक्याच्या गावी रात्री भूलतज्ज्ञच नसेल, तर औषधाविना बाळंतपणाला आपण निवड म्हणू नये. तो नाइलाज झाला.

तेव्हा शिकवावं जरूर. पण 'आता सहन होत नाही' म्हणणं ही हार नव्हे, हाही त्या शिकवणीतला एक धडा असावा.